शेजारची सीट

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजपासून गाडीला हात लावायचा नाही असं बजावून सांगितलं, आणि मास्तरीणबाई दवाखान्यातून बाहेर पडून स्वतःच गाडी चालवत घरी आल्या.

तशा त्या नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा ड्रायव्हिंगचा क्लास होता, आसपासच्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि इंडिकेटर न देता वळणाऱ्या माणसाला खिडकीची काच खाली करून सुनावायला त्या कधी कचरल्या नव्हत्या. पण त्या दुपारी डॉक्टर जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत होते आणि बाई नुसत्या शेजारी बसून ऐकत होत्या. डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र दाखवलं. दोन्ही बाजूंनी काळं आत सरकत आलं होतं, मधे उजेडाचा एक तुकडा राहिला होता. समोरचं तुम्हाला नीट दिसतंय म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही, ते म्हणाले. बाजूचं गेलंय, आणि गेलेलं आता परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं.

बाई मागच्या गल्ल्यांमधून हळूहळू आल्या. गाडी त्यांनी फाटकाशी लावली.

नवरा घरी होता. काय म्हणाले डॉक्टर, असं त्याने विचारलं.

"थेंब दिलेत. सकाळ-संध्याकाळ घालायचे."

"आणखी?"

"आणखी काय असणार. वय झालं म्हणाले."

त्याने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला तो आत गेला.

नवऱ्याला सगळे दातवाले म्हणत. दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका लॅबमध्ये तो उभं आयुष्य काम करत आला होता. आधी मेण, मग साचा, मग घासणं, पुन्हा घासणं; घाई केली की कवळी हिरडीला टोचते, म्हणून घाई हा शब्दच त्याच्या अंगात नव्हता. गाडी त्याने कधी चालवली नाही. लग्नानंतर बाईंनी जुनी गाडी घेऊन क्लास काढला तेव्हा त्यावरची पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली, आणि त्या दिवसापासून तो शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसू लागला. लोक चेष्टा करायचे. बायको चालवतेय आणि तुम्ही आपले बाजूला, म्हणायचे. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: घरात एकाला येतंय ना, पुरे.

त्याची बहीण, म्हणजे बाईंची नणंद, घरात कुणाचंही लग्न ठरलं की या दोघांचं उदाहरण द्यायची. दादा-वहिनींचा आवाज कधी भिंतीपलीकडे गेला नाही, संसार टिकतो तो असा, असं ती नव्या जोडप्याला समोर बसवून सांगायची. बाईंना पूर्वी ते ऐकून बरं वाटायचं. हल्ली मात्र काहीतरी टोचायचं. आवाज जाणार कुठून? कुठल्या रस्त्याने जायचं, कधी निघायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, घर कुठे घ्यायचं हे बाई ठरवायच्या आणि तो शेजारी बसायचा. भांडायला दोघांनाही काहीतरी वेगळं हवं असावं लागतं. त्याला कधी वेगळं काही हवं होतं का, हेच बाईंना आठवेना.

क्लास चालूच राहिला. आपण कुठे चालवतोय, चालवणार तर शिकणारा, आपण नुसतं शेजारी बसायचं आणि पायाशी आपला वेगळा ब्रेक आहेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण शिकवणाऱ्याचं सगळं काम बाजूंनाच असतं. शिकणारा समोर बघतो. शेजारच्याने कडेचा सायकलवाला, उघडणारं दार, गल्लीतून निघणारी गाडी बघायची असते. बाई आता मान सतत इकडून तिकडे फिरवत राहायच्या. संध्याकाळी मानेला रग लागायची.

त्या वेळी त्यांच्याकडे एक नर्स शिकायला येत होती. रात्रपाळी संपवून यायची, डोळे लाल, पण हात स्थिर. एकदा वळणावर तिने एकदम करकचून ब्रेक दाबला. बाई पुढे फेकल्या गेल्या. त्या तिला झापणार तेवढ्यात गाडीच्या नाकासमोरून एक सायकल गेली, मागे कॅरिअरवर लहान मुलगी बसलेली.

"तो तुमच्याच बाजूने आला," नर्स म्हणाली. "तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला की. तू काय करतेस ते बघत होते."

तिने गाडी पुन्हा सुरू केली. त्या दिवशी बाईंनी पुढचा तास डोकं दुखतंय म्हणून रद्द केला आणि घरी येऊन कपाट हलवायला घेतलं. बसवतच नव्हतं त्यांना. जेवताना मधेच उठायच्या, भांडी लावलेली पुन्हा काढून लावायच्या, गाडीचे आरसे दिवसातून चारदा पुसायच्या. कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेलं आणि संध्याकाळी त्याच कपाटाचा कोपरा खांद्याला सणकून लागला. हे इथे कुणी ठेवलं, असं त्या ओरडल्या. दातवाल्यांनी बर्फ आणून दिला. कुणी ठेवलं ते सांगितलं नाही.

आणि मग दातवाले उशिरा येऊ लागले.

मोठी ऑर्डर आहे, ते म्हणाले. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांच्या कवळ्या एकदम करायच्यात. बाईंना ते आधी खरंच वाटलं. मग एकदा येताना भाजी आणायला सांगावी म्हणून त्यांनी लॅबमध्ये फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, ते तर केव्हाच गेले. बाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. या वयात? त्यांना हसू आलं, आणि हसू अर्ध्यावर विरलं. तासाभराने दातवाले आले, हात-पाय धुऊन जेवायला बसले. ऑर्डर कशी चाललीय, बाईंनी विचारलं. चाललीय, ते म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीवर चुरगळला होता. बाईंनी पुढे विचारलं नाही. स्वतःच्या पोटात एक गोष्ट लपवलेली असली की दुसऱ्याला खोदून विचारायला जीभ रेटत नाही.

सगळं कळलं ते बाजाराजवळच्या चौकात. बाई शेजारच्या सीटवर, नर्स स्टिअरिंगवर, सिग्नल लाल. समोरून एक हिरवी गाडी वळायला निघाली. हिरव्या गाड्या पोपटच्या. पोपट म्हणजे एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, मग त्यांच्याकडचाच शिक्षक, आणि मग समोरच्याच रस्त्यावर तीन भडक हिरव्या गाड्या घेऊन स्वतःचा क्लास काढणारा. पोपट हे नाव बाईंनीच रागाने ठेवलं होतं. ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याने पाटीवर झोकात एक पोपट काढून घेतला होता.

ती हिरवी गाडी चौकाच्या बरोबर मधोमध येऊन बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान पुढे काढून, जिभेचं टोक दातांत पकडून जो माणूस बसला होता तो बाईंचा नवरा होता. तो बरोबर समोर होता, म्हणून त्यांना अगदी स्वच्छ दिसला. शेजारी पोपट शांतपणे काहीतरी सांगत होता. गाडीने दोन गचके खाल्ले, पुन्हा बंद पडली, मग कशीबशी निघून गेली.

"काका अगदीच कच्चे आहेत," नर्स म्हणाली.

"सिग्नल सुटला. चल," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी ताटं वाढली. दातवाले पहिला घास घेईपर्यंत थांबल्या.

"बाजाराच्या चौकात आज कुणाची तरी गाडी बंद पडली म्हणे."

दातवाल्यांचा हात थांबला. "क्लच लवकर सुटला," ते म्हणाले.

मग बाईंचा बांध फुटला. गावात एवढे क्लास असताना पोपटकडे? जो माझ्या हाताखाली शिकला, माझं गिऱ्हाईक पळवून बसला, त्याच्याकडे? आता तो चारचौघांत सांगेल की मॅडमच्या घरातला माणूस माझ्याकडे शिकतो. माझा पुरता पोपट केलात तुम्ही, असं त्या म्हणाल्या, आणि एरवी या शब्दावर दोघं हसले असते, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. आणि या वयात ही हौस कुठून आली, तेही सांगा.

"हौस नाही," दातवाले म्हणाले. "तुला बाजूचं दिसत नाही."



दातवाल्यांना बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. चहाचा कप कोपराशी ठेवला की लवंडायचा, म्हणून ते तो बाईंच्या अगदी समोर ठेवायला लागले होते. रस्त्याने चालताना त्या डाव्या हाताच्या माणसांना धडकायच्या, म्हणून ते त्या बाजूने चालायला लागले होते. डॉक्टरांकडून आल्यावर नुसते थेंब म्हणालीस तेव्हाच समजलं, ते म्हणाले, कारण खरंच नुसते थेंब असते तर तू डॉक्टरला तासभर नावं ठेवली असतीस.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू मला बोलली नाहीस."

"मी बोलले नाही म्हणून तुम्हीही तोंड शिवून बसायचं?"

"मी म्हटलं असतं चालवू नकोस, तर तू हट्टाने जास्तच चालवली असतीस. मला काही सुचेना. म्हटलं, आधी आपल्याला येऊ दे. मग हिला सोडायला सोपं जाईल."

बाईंना ते ऐकवेना. आजवर शेजारी बसून आयतं फिरलात, कधी पेट्रोल कुठून भरतात तेही बघितलं नाहीत, आणि आता माझी सीट हवीय होय तुम्हाला, असं त्या बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते फार लागलं, पण शब्द निघून गेला होता.

दातवाल्यांनी ताट बाजूला सारलं. "मला तुझी सीट नको आहे. मला गाडीची भीती वाटते, पहिल्यापासून वाटते. लग्न झालं तेव्हा तुला सांगायची लाज वाटली, नंतर सांगायची गरज पडली नाही." ते म्हणाले. "पण तुझ्या शेजारी लोकांच्या मुली बसतात. त्या तुझ्या भरवशावर बसतात. हे मला लॅबमध्ये बसून सहन होत नाही."

बाई उठून आत गेल्या. जेवणं तशीच राहिली. इतक्या वर्षांत त्या घरात ताटावरून कुणी उठलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे निघाल्या. दातवाले दारात उभे होते, पण अडवलं नाही, आणि त्याचाही बाईंना राग आला. नर्सच्या गल्लीपर्यंत त्या आल्या कशा ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या, मान पूर्ण वळवून बघत होत्या, पुन्हा बघत होत्या, मागचे लोक खोळंबून हॉर्न वाजवत होते. गल्लीत गाडी लावली आणि त्यांना उतरवेना. काही आठवड्यांपूर्वीच्या त्या सायकलीच्या कॅरिअरवरची मुलगी डोळ्यांपुढून हलेना. तिने पाय कसे दोन्ही बाजूंना फाकून धरले होते तेसुद्धा आठवत होतं. आणि ते आठवत होतं म्हणजे ती अगदी समोर आल्यावरच दिसली होती.

नर्स बाहेर आली. बाईंनी तिला खिडकीशी बोलावून सांगितलं की उद्यापासून समोरच्या हिरव्या गाडीवाल्याकडे जा, हात चांगला आहे तुझा, परीक्षा पास होशील. काय झालं ते तिने विचारलं. डोळे, बाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द बोलायला त्यांना इतके दिवस लागले होते, आणि तो पहिल्यांदा बोलला गेला तो परक्या मुलीजवळ.

मग त्यांनी घरी फोन लावला. "मी नर्सच्या गल्लीत आहे. गाडी इथे आहे. या."

"येतो," दातवाले म्हणाले. कशाला, कसं, काही नाही.

ते आले, पण एकटे नाही. शिकाऊ लायसन्सवर एकट्याने चालवता येत नाही, म्हणून पोपटला घेऊन आले. पोपट बाईंसमोर उभा राहिला तो पहिल्या दिवशी उभा राहिला होता तसाच, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. मॅडम, मी आणू का घरापर्यंत, त्याने विचारलं.

"मी आणतो," दातवाले म्हणाले. "तू शेजारी बस."

म्हणजे बाईंना मागे बसावं लागलं. स्वतःच्या गाडीत मागे त्या कधीच बसल्या नव्हत्या. मागची सीट इतकी खोल आहे आणि तिथून रस्ता इतका कमी दिसतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गाडी निघाली. पहिल्याच वळणाला दातवाल्यांनी स्टिअरिंग उशिरा फिरवलं आणि बाई ओरडल्या. पुढे गतिरोधकावर पुन्हा ओरडल्या. रिक्षा मधे आली तेव्हा त्यांनी पुढच्या सीटची पाठच दोन्ही हातांनी धरली.

दातवाल्यांनी गाडी कडेला घेतली, नीट इंडिकेटर देऊन, आणि थांबवली. मागे वळले नाहीत. आरशातही बघितलं नाही.

"शिकवायचं असेल तर शिकव," ते म्हणाले. "नुसतं ओरडू नकोस. भीतीने मला आधीच काही ऐकू येत नाहीये."

पोपट खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंच्या जिभेवर खूप काही आलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याच्या पाठीकडे गेलं. सकाळची वेळ, हवा गार, पोपटने तर स्वेटर घातला होता. आणि दातवाल्यांचा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत घामाने भिजून पाठीला चिकटला होता. मानेच्या शिरा ताठ उभ्या होत्या. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. हा माणूस गेले कित्येक दिवस कामावरून सुटला की असा घामाघूम होऊन चौकाचौकांत लोकांचे हॉर्न खात होता, मग घरी येऊन हात-पाय धुऊन ऑर्डर चाललीय म्हणत होता. बाईंनी शिकवलेल्यांत घाबरट लोक पुष्कळ होते. एवढा घाबरलेला माणूस त्यांनी कधी पुन्हा दुसऱ्या दिवशी आलेला पाहिला नव्हता.

त्यांनी सीटची पाठ सोडली.

"हात सैल धरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "स्टिअरिंग पळून जाणार नाहीये. आरसा बघा. मागे कुणी आहे?"

"नाही."

"मग पहिला टाका. क्लच सावकाश, कवळी बसवता तसा. हं. आता दुसरा."

गाडी गचका न खाता निघाली. घर येईपर्यंत बाई तशाच बोलत राहिल्या, आणि फाटकाशी उतरताना त्यांना हुंदका आला तो त्यांनी खोकला म्हणून घालवला. पोपटला त्यांनी चहाला थांबवलं. तोही थांबला.

पुढचं सगळं काही गोड झालं असं नाही. क्लासची गाडी पोपटने घेतली, आणि शिकायला येणाऱ्यांना नियम समजावून सांगायला बाईंनी आठवड्यातून काही दिवस त्याच्या ऑफिसात बसावं असं ठरलं. बाई तिथे बसतात आणि त्याच्या शिक्षकांच्या चुका काढतात. पोपट ते निमूट ऐकून घेतो. दातवाले पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना खांबाला टेकले आणि नापास झाले. दुसऱ्या वेळी पास झाले, तेही परीक्षकाला यांच्या वयाची दया आली म्हणून, असं बाईंचं मत आहे. घरासाठी एक लहान गाडी घेतली. बाई शेजारी बसू लागल्या.

आणि आवाज भिंतीपलीकडे जाऊ लागले. गाडीत सुरू झालेलं भांडण जिन्यावरून घरात यायचं. एवढ्या हळू का चालवता, तो ट्रक दिसला नाही का, मला दिसला, तुला दिसला नाही, असं. मग ट्रकवरून विषय घराच्या हप्त्यावर जायचा, त्यावरून मुलीच्या शाळेवर. दातवाल्यांना ती शाळा कधीच पसंत नव्हती म्हणे. हे बाईंना आता कळलं, मुलगी स्वतःच्या संसारात रमल्यावर. तेव्हा का बोलला नाहीत, त्यांनी विचारलं. तू गाडी चालवत होतीस, ते म्हणाले, आणि बाईंना त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

नणंदेने घाबरून फोन केला. शेजाऱ्यांकडून काहीबाही कानावर आलंय, सगळं ठीक आहे ना वहिनी, म्हणाली. बाईंनी सांगितलं की ठीक आहे, आम्ही नुसते भांडतोय. पण ही तुमची भांडायची वेळ आहे का, नणंद म्हणाली. आधी जमलं नाही, बाई म्हणाल्या.

बाईंची तगमग काही गेलेली नाही. थेंब चालू आहेत, काळं जिथल्या तिथे थांबलंय असं डॉक्टर म्हणतात, पण काही दिवस असे येतात की त्यांना शेजारच्या सीटवर बसणंच सोसत नाही. हात शिवशिवतात. नवऱ्याचा राग येतो, त्याचा काही दोष नसताना. एकदा त्यांनी त्याला तसं सांगूनही टाकलं, की आज मला तुमचा फार राग येतोय, तुम्ही चालवताय एवढ्यासाठीच. दातवाले म्हणाले, येणारच, आणि गिअर बदलला.

परवा मुलीकडून परतताना दातवाल्यांचं वळण चुकलं. उजवीकडे घ्यायचं होतं, पण मागून गाड्यांची रांग होती आणि त्यांना आत शिरायचा धीर होईना, म्हणून ते सरळच जात राहिले. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. रस्ता ओळखीचा नव्हता. दोन्ही बाजूंना काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं. समोर मात्र रुंद, मोकळा रस्ता होता आणि लांबवर एक पूल.

"कुठे चाललोय आपण?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. पुढे कुठेतरी वळता येईल."

"बाजूला काय आहे?"

दातवाल्यांनी क्षणभर डोळे रस्त्यावरून काढले, मग पुन्हा समोर बघू लागले. "तुझ्या बाजूला गोदामं आहेत. एक बंद पडलेला कारखाना आहे, भिंतीवर झाडं उगवलीत. माझ्या बाजूला नदी असावी, नीट दिसत नाही."

"नदी नको बघू. रस्ता बघा," बाई म्हणाल्या. आपण त्यांना एकेरी बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं, लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दातवाल्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचा एक कान किंचित लाल झाला. पूल जवळ येत होता, आणि पुलाच्या अलीकडे वळायला जागा आहे की नाही यावरून त्यांचं पुन्हा जुंपलं.